नववी मात्रा

जुईने आईच्या पोळपाट-लाटण्याचा आवाज रेकॉर्ड करून नेला, आणि त्या दिवसापासून आईचं लाटणं मुकं झालं. पोळ्या होत होत्या, टम्म फुगत होत्या. फक्त पोळपाटाचा एक पाय आखूड असल्यामुळे ओट्यावर जी टकटक व्हायची, ती होईना. आईने पोळपाट हलवून पाहिला, लाटणं कानाशी धरून पाहिलं.

"गेला वाटतं," ती म्हणाली आणि पुढचा उंडा घेतला.

संध्याकाळी जुईने तो आवाज लॅपटॉपवर ऐकवला. आईने पदराला हात पुसले, खुर्ची ओढून बसली आणि आपलीच टकटक दोनदा ऐकली. तिला बरं वाटलं. "एवढी भरभर लाटते व्हय मी?" तिने विचारलं. पुढे आठवडाभर येईल त्या माणसाला ती आपलं मुकं लाटणं दाखवत होती.

कराडच्या पेठेत जुईच्या वडिलांची, अण्णा पिसाळांची, पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर, आणि घराच्या वर पत्र्याच्या खोलीत शलाकाचा तबल्याचा क्लास. शलाका थोरली, एकतीस वर्षांची, तबला विशारद, तेही पहिल्या श्रेणीत; प्रमाणपत्र हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे आणि येणाऱ्याचं लक्ष गेलं नाही तर ती ते सरळ करायला म्हणून उठते. जुई तिच्याहून आठ वर्षांनी लहान. तीही पाध्ये गुरुजींकडे तबल्याला बसली होती, पण अकरा महिन्यांत गुरुजींनी तिला घरी पाठवलं. ही पोरगी चारच ठोके वाजवते आणि थांबत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा शलाकाने धाकटीची समजूत घातली, तिला आइस्क्रीम खायला नेलं आणि परत येताना शलाकालाच फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला थोडी लाज वाटली होती, पण थोडीच.

जुई पुण्याला कॉलेजला गेली आणि चार ठोके घेऊनच परत आली. बरोबर आवाज मिसळायचा एक जुना कन्सोल होता, मोठे हेडफोन होते आणि हातात मावेल एवढा रेकॉर्डर होता. त्याच्या टोकाला स्पंजाची टोपी होती. ह्या संगीताला हाउस म्हणतात, असं तिने जेवताना सांगितलं. मिनिटाला एकशेवीस ठोके, धप धप धप धप, लोक त्यावर नाचतात, आणि आपल्याला डीजे व्हायचंय.

"गणपतीत असतो तसला?" आईने विचारलं.

"तसला नाही गं. भिंती हलवणारा नाही. चालवणारा."

अण्णांनी भाकरी मोडता मोडता भिंतींकडे एकदा पाहून घेतलं.

दुसरा आवाज गेला तो गिरणीच्या पट्ट्याचा. जुई एका गुरुवारी अर्धा तास गिरणीत रेकॉर्डर धरून उभी राहिली. "घे की," अण्णा म्हणाले, "चाळीस वर्सं ऐकतोय. कान किटल्यात." तिने तो घेतला आणि पट्टा फिरता फिरता गप्प झाला. जातं फिरत होतं, पीठ पडत होतं, अण्णा पांढरे होत होते, आणि आवाज म्हणून काही नव्हता. बायका डबे घेऊन दारातूनच परत जायला लागल्या, तेव्हा अण्णांनी खडूने पाटीवर 'गिरणी चालू आहे' असं लिहून ती बाहेर टांगली. पट्ट्याचा तोच ठोका जुईच्या संगीताच्या तळाशी जाऊन बसला. त्यावर तिने आईची टकटक बसवली, आणि पुण्यातल्या एका कॅफेत रविवारी दुपारी ते वाजवलं. तीस माणसं होती. तीसच्या तीस उठून नाचली, आणि कॅफेच्या मालकाने पुढच्या रविवारीही बोलावलं.

मग पेठेला सुगावा लागला. निकमकाकूंनी कुकर दिला. त्याची शिट्टी आता होत नाही. वाफ तेवढी उडी मारते, आणि काकू घड्याळ लावून वरण शिजवतात. पण "आमची शिट्टी बंगळुरात वाजली!" हे वाक्य त्यांनी बाजारात, देवळात आणि एका बारशात म्हटलं. राऊत मास्तरांच्या बायकोने मास्तरांचं घोरणं त्यांना न विचारता देऊन टाकलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी टवटवीत उठली. शिंप्याने मशीन दिलं. कुणी कडीकोयंडा दिला, कुणी उचकी दिली. दर शनिवारी जुई घरी असायची तेव्हा गिरणीसमोर रांग लागायची, आणि त्यातलं दळणाला कोण आणि आवाजाला कोण हे अण्णांना विचारून घ्यावं लागायचं.

शलाकाला मत्सर वाटायचा. तिने त्याला दुसरी नावं देऊन पाहिली. हे संगीत नाही असं म्हणून पाहिलं, पोरीच्या तब्येतीची काळजी वाटते असंही म्हणून पाहिलं. पण रांगेकडे बघताना घशाखाली जे जळायचं, ते काळजीने जळत नाही. सोळा वर्षं तिने रियाज केला होता. बोटांची कातडी सोलवटून पुन्हा आली होती. आणि जुईने कुकर नेला, उचकी नेली, मास्तरांचं घोरणं नेलं. ताईचा तबला मात्र तिने मागितला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं शलाका स्वतःशी म्हणायची. जुई घरात असली की ती पत्र्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून तबल्यावर रेला वाजवायची, चांगला जोरात. जुई खाली बसून लॅपटॉपवर शिंप्याचं मशीन कापायची, जोडायची. हेडफोन लावून.

शेवटी एका शनिवारी शलाकाच म्हणाली, "माझं काही नको का तुला?"

जुईने हेडफोन काढले. रेकॉर्डर घेऊन ती ताईमागोमाग वर पत्र्याच्या खोलीत आली.

शलाकाने तबल्यावर एक कायदा वाजवला, आयुष्यात वाजवला नव्हता इतका चांगला. जुईने बटण दाबून तो परत लावला. त्यातून पाध्ये गुरुजींचा तबला ऐकू आला. चूक होण्यासारखी नव्हती. तिहाईने वादन संपवलं की गुरुजी घसा खाकरायचे, ते खाकरणंही त्यात होतं.

"ह्यात तू नाहीस ताई," जुई म्हणाली.

"मशीन खराब आहे तुझं."

"असेल."

त्यांनी दुसरं करून पाहिलं. शलाका हसली, रेकॉर्डरमधून आत्या हसली, तीन वर्षांपूर्वी वारली ती. शलाका खोलीभर चालली. आईची पावलं आली, डाव्या पायावर जरा जास्त भार टाकणारी. शिंकली तर अण्णा शिंकले. मग शलाकाला रडू आलं. ते काही तिने मुद्दाम केलं नाही. जुईने न बोलता तेही घेतलं आणि लावलं, आणि पत्र्याच्या खोलीत एक तान्हं बाळ ओरडून ओरडून रडू लागलं. आठ वर्षांच्या शलाकाने ज्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं ते बाळ. दोघींनीही ओळखलं.

"हे तर माझंच आहे," जुई म्हणाली आणि बंद केलं. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते शलाकाच्या जास्त जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींकडे गेली. गुरुजी व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून शेंगा सोलत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"तबला माझाच आहे तो," ते म्हणाले. "तू नीट सांभाळलायस. एक बोलही इकडचा तिकडे नाही. म्हणून तर पहिली श्रेणी."

"मग माझं काय आहे गुरुजी?"

"शेंगा घे," गुरुजी म्हणाले.

त्या दिवसापासून शलाकाने दुसरं काही शोधलं नाही. आपल्या अंगात आपला म्हणून एक तरी आवाज असला पाहिजे, एवढाच ध्यास तिला लागला. ती स्वतःची बोटं मोडायची, कान देऊन ऐकायची, आणि ती आजोबांची निघायची. ती घोट गिळायची, नखं घासायची, दारं आपटायची. आणि घर तर शांत होत चाललं होतं. जुईने जिना नेला, नळ नेला, पंखा नेला, आईच्या बांगड्या नेल्या. अण्णांनी आनंदाने खोकला दिला आणि आता ते नुसते वाकायचे व सरळ व्हायचे. त्या शांततेत एकटी शलाका वाजत राहिली. तिने चहा ढवळला तरी आई दचकायची.

"वाईच हळू की गं," आई म्हणायची. "केवढा तो आवाज."

"तो आवाज माझा नाहीच आहे आई."

"कुणाचा का असंना. हळू."

मग क्लासही गेला. आठ मुलं येत होती. कुणीतरी आईबापांच्या कानावर घातलं की जुईने मुलांचे हात घेतले तर मुलं परदेशात वाजतील. आईबाप मुलांना घेऊन शनिवारच्या रांगेत उभे राहिले. सोमवारी आठही जण शलाकासमोर मांडी घालून बसले, तबल्यावर हात पडू लागले, ताल अचूक होता आणि खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. "बाई, बरोबर येतंय का?" एकाने विचारलं. शलाका हो म्हणाली. आठवड्याभरात मुलं यायची थांबली, कारण घरी बसूनही तेवढंच ऐकू येत होतं.

जुईचं नाव मात्र मोठं होत होतं. गोव्याहून बोलावणं आलं, बंगळूरहून दोनदा आलं. पोस्टरवर तिचा फोटो असायचा, हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा. शलाकाने एकदा तिचा लॅपटॉप उघडून पाहिला. आत नावांचे कप्पे होते, ओळीने, सगळी पेठ होती. आई होती, अण्णा होते, निकमकाकू होत्या, आठही मुलं होती. स्वतःचं नाव तिने तीनदा शोधलं. मग आपल्या नावाचा एक कप्पा तिनेच तयार केला आणि तो रिकामा आहे असं लॅपटॉपने दाखवल्यावर पुसून टाकला.

आणि मग जुईचा कराडातला पहिला कार्यक्रम ठरला. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याची शेड आहे. रविवारी ती रिकामी असते. दुपारी तीनची वेळ होती. आईने इस्त्रीची साडी नेसली, अण्णांनी दोनदा अंघोळ करूनही कानामागे पीठ राहिलंच. पुण्याकडून गाड्या आल्या होत्या. पेठ तर झाडून हजर होती, आपापला आवाज ऐकायला. शेडच्या एका टोकाला, जिथे अडते उभे राहून बोली लावतात तिथे, जुईचा कन्सोल मांडला होता. शलाका मागच्या खांबापाशी उभी राहिली. तिला यायचं नव्हतं. पण न आल्याने कुणाला काही फरक पडला नसता, हे कळल्यावर ती आली.

शेडच्या फरशीवर वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला होता. पाय चिकटायचे. जुईने पट्ट्याचा ठोका सोडला तेव्हा त्या ठोक्याबरोबर सगळ्यांचे पाय सुटले आणि पुढच्या ठोक्याला खाली आले. मधल्या वेळात कुणी पाऊल उचलू पाहिलं तर ते उचललं जात नव्हतं, आणि उचललेलं टेकवू पाहिलं तर टेकत नव्हतं. त्या शेडमध्ये ठोक्याशिवाय पाऊल पडत नव्हतं, एवढा साधा नियम होता, आणि लोक त्याला पाच मिनिटांत सरावले. पाणी आणायला जाणारेही ठोक्यावरच गेले.

वाजत होतं ते सुंदर होतं. हे शलाकाला कबूल करावं लागलं आणि कबूल करताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. गिरणी खालून चालली होती, लाटणं वरून धावत होतं, काकूंची शिट्टी लांबून येऊन वळून जात होती. आठ मुलांचे सोळा हात एकत्र पडत होते. ते तिने शिकवलेले हात होते, आणि टाळ्या जुईला पडत होत्या. आई नाचत होती. शलाकाने आईला कधी नाचताना पाहिलं नव्हतं.

सोळा वर्षांची सवय सुटत नाही. शलाकाचा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला. चार चारचे चार तुकडे केले की सोळा मात्रा होतात. म्हणजे हा तीनतालच की, असं तिच्या हाताला वाटलं. तीनतालात पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी. आणि नवव्या मात्रेला टाळी द्यायची नसते. तिथे पंजा उताणा करून हात बाजूला न्यायचा. त्याला खाली म्हणतात. तिथे भार काढून घ्यायचा असतो. जुईच्या संगीतात असलं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. नववी मात्रा आली आणि शलाकाचा पंजा उताणा झाला.

गिरणी थांबली. सगळंच थांबलं, एका मात्रेपुरतं. पाचशे माणसांचे पाचशे पाय हवेत राहिले. मग शलाकाचा हात फिरला, ठोका पडला आणि पाय खाली आले. शेड अशी ओरडली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सगळ्यांचे हात जुईकडे वर झाले. तिनेच हे केलं असं त्यांना वाटलं. जुई कन्सोलकडे बघत होती, एकेक बटण तपासत होती.

शलाकाने हाताकडे पाहिलं. पुन्हा सोळा मोजून नववीला तिने मुद्दाम पंजा उलटला. चांगल्या मनाने नव्हे. धाकटीचं सगळं अडखळावं, लोकांनी हुर्यो करावी, पुण्याच्या गाड्या परत जाव्यात, असं तिच्या मनात होतं. आवाज गेला, पाय अधांतरी राहिले, आणि हात परत फिरवल्यावर लोक मघापेक्षा दुप्पट ओरडले. "जुई! जुई!" राऊत मास्तर ओरडत होते, स्वतः मास्तर.

पण ह्या वेळी जुईने मान वर करून पाहिलं होतं. पाचशे डोक्यांवरून तिची नजर खांबापाशी आली, बाजूला गेलेल्या त्या हातावर येऊन थांबली. तिने हेडफोन काढून ठेवले. खिशातून रेकॉर्डर काढला आणि गर्दीतून यायला निघाली. इतरांसारखीच, ठोक्याला एक पाऊल.

शलाका मोजत होती. जुईच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिने ओळखलं. निकमकाकूंच्या कुकरकडे, शिंप्याच्या मशीनकडे बघताना असायचं तेच होतं. दोन वर्षं शलाकाने आपल्यासाठी त्याची वाट पाहिली होती. सहा. सात. आठव्या मात्रेला जुई एका पावलावर आली. तिने ते शेवटचं पाऊल उचललं, आणि नवव्या मात्रेला शलाकाचा पंजा उताणा झाला आणि तसाच राहिला.

शेड गप्प झाली. जुई एका पायावर उभी होती, रेकॉर्डरचा हात लांब करून. स्पंजाची टोपी शलाकाच्या तळव्यापासून चार बोटं लांब होती.

"ताई, हे तुझं आहे," ती म्हणाली.

"गुरुजींचं असेल."

"गुरुजी खालीची मात्रा कधी हाताने दाखवत नव्हते. नुसती मान हलवायचे. आठव."

शलाकाने आठवून पाहिलं. खरं होतं. आई नाही, आत्या नाही, गुरुजी नाहीत. तिला खूप आनंद झाला. मग त्या आनंदाच्या मागोमाग दुसरं आलं, ओळखीचं. हे दिलं की उद्यापासून आपण हात उलटा केला तरी काही थांबणार नाही. हे बंगळुरात थांबेल, गोव्यात थांबेल, आणि लोक जुईकडे बघून हात वर करतील.

"दे ना," जुई म्हणाली. "सगळ्यात चांगलं आहे हे. सगळ्यांत."

"ये आणि घे."

"ठोका पडल्याशिवाय पाऊल कसं टेकवू? हात फिरव."

"फिरवला तर घ्यायला उरेल काय?"

जुई पुढे झुकली. तिने हात आणखी ताणला आणि ती तोल सावरत राहिली. चार बोटं काही कमी झाली नाहीत. शेडमध्ये पाचशे माणसं एका पायावर उभी होती आणि एकमेकांचे खांदे धरत होती. कुणी तक्रार करत नव्हतं. सगळे वाट बघत होते, आणि आता कुणीच कन्सोलकडे बघत नव्हतं.

"शलाका," गर्दीतून आईचा आवाज आला. तिने अण्णांचा खांदा धरला होता आणि अण्णांनी तिचा. "पाय भरून आला गं."

शलाकाने ऐकलं. पंजा तिने उताणाच ठेवला. कोपरापासून हातही भरून आला, तेव्हा तिने दुसरा हात वर आणला आणि त्याला खालून टेकू दिला.